गुपिताला साक्षीदार लागतो

भडगावसारख्या गावात गुपित किती दिवस टिकतं? गिरणेच्या काठावरचं हे तालुक्याचं गाव. इथे सगळ्यांची सगळ्यांशी ओळख. संध्याकाळी ओट्यावर बसणाऱ्यांना कोणाची मोटरसायकल कोणाच्या दारी किती वेळ उभी होती हे विचारावं लागत नाही. एखाद्या घरातलं चोरटं प्रेम आधी गल्लीला कळतं, मग गावाला, आणि सगळ्यांत शेवटी त्याच घरातल्या नवऱ्याला किंवा बायकोला. ज्याचा संसार, त्यालाच पत्ता नसतो. बाकीचे एकमेकांना हळूच विचारत असतात, "मंग काय व्हयनं?"

आता सिनेमागृहातला अंधार डोळ्यांसमोर आणा. पडद्यावर एक नवरा घरी परततो, बायको दार उघडते, चहा ठेवते. सकाळी त्या घरात कोण येऊन गेलं हे आपण पाहिलेलं असतं, नवऱ्याने पाहिलेलं नसतं. म्हणजे आपली जागा तीच, ओट्यावरच्या माणसाची. तरीही ओट्यावरची बातमी दोन दिवसांत शिळी होते आणि पडद्यावरची तीच गोष्ट आपल्याला अडीच तास खुर्चीच्या टोकावर बसवते. माहिती सारखीच, मग एवढा फरक कुठून येतो? गुप्त प्रेम आणि विश्वासघात यांवरचे थरारपट पाहताना हा प्रश्न मला कायम छळत आला आहे. त्याचं उत्तर शोधू लागलं की वाट मुंबईच्या सत्र न्यायालयातून, मराठी रंगभूमीवरून आणि पुण्यातल्या एका फ्लॅटमधून जाते, हे मला फार विलक्षण वाटतं.

रहस्यपटांचा दिग्दर्शक हिचकॉक याने या प्रश्नाचं एक उत्तर दिलं होतं. १९६२ साली फ्रेंच दिग्दर्शक फ्रान्स्वा त्रुफो याने त्याची प्रदीर्घ मुलाखत घेतली. त्यात तो म्हणाला, की टेबलाखाली बॉम्ब आहे हे कोणालाच ठाऊक नसताना तो फुटला तर प्रेक्षकाला पंधरा सेकंदांचा धक्का बसतो. पण तो ठेवताना प्रेक्षकाने पाहिलं असेल, तर टेबलावरच्या साध्या गप्पाही पंधरा मिनिटं जीव खातात. चोरट्या प्रेमाची गोष्ट सांगायला बॉम्बसुद्धा लागत नाही. खिशात राहून गेलेलं पत्र पुरतं, दाराशी दिसलेली अनोळखी चप्पल पुरते. मात्र हे उत्तर मला अर्धंच वाटतं. ओट्यावरच्या माणसालाही बॉम्ब ठाऊक असतोच की! फरक असा, की ओट्यावरच्याला कोणी साक्षीला बोलावत नाही. सिनेमा आपल्याला साक्षीदार करतो, आणि पुष्कळदा न्यायाधीशही.

महाराष्ट्रात तर हे अगदी शब्दशः घडलं.

२७ एप्रिल १९५९. नौदलातले कमांडर कावस माणेकशा नानावटी काही दिवसांपूर्वीच समुद्रावरून मुंबईला घरी परतले होते. पत्नी सिल्विया दुरावल्यासारखी वागत होती. त्या दुपारी त्यांनी कारण विचारलं आणि तिने सांगितलं, की प्रेम आहुजा या मित्राशी आपले संबंध आहेत. पुढचे काही तास एखाद्या पटकथाकाराने लिहिल्यासारखे आहेत, आणि ते सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रात नोंदलेले आहेत. नानावटींनी बायकोला, आपल्या दोन मुलांना आणि शेजाऱ्यांच्या एका मुलाला गाडीत घातलं आणि सिनेमाला नेऊन सोडलं. धोबी तलावचं मेट्रो सिनेमागृह, चित्रपट मुलांचा, 'टॉम थंब'. खेळ सुटल्यावर सहा वाजता न्यायला येतो, असं त्यांनी सांगितलं. मग ते आपल्या जहाजावर गेले. रात्री एकट्याने मोटारीने अहमदनगरला जायचं आहे, असं सांगून त्यांनी भांडारातून रिव्हॉल्व्हर आणि सहा गोळ्या घेतल्या आणि तपकिरी पाकिटात ठेवल्या. आहुजाच्या कचेरीत गेले, तो तिथे नव्हता. मग त्याच्या फ्लॅटवर गेले. दुपारी साधारण चार वाजून वीस मिनिटांनी तीन गोळ्या सुटल्या होत्या.

मेट्रोत तेव्हा खेळ चालू होता. पडद्यावर अंगठ्याएवढ्या मुलाची परीकथा, पडद्यासमोर ती आई आणि मुलं. मी ही घटना कितीदा तरी वाचली आहे, आणि दरवेळी याच ठिकाणी थांबतो. कुठल्याही दिग्दर्शकाने हा प्रसंग रचला असता तर आपण म्हणालो असतो, जरा अतीच केलं.

नानावटी स्वतः होऊन पोलिसांच्या स्वाधीन झाले. गोळ्या कोणी झाडल्या यात रहस्य उरलंच नव्हतं. तरी सगळी मुंबई श्वास रोखून बसली. याचं कारण कायद्यातल्या एका बारीक फटीत आहे. भारतीय दंड संहितेच्या कलम ३०० ला पहिला अपवाद होता तो गंभीर आणि आकस्मिक चिथावणीचा. चिथावणीने माणसाचा स्वतःवरचा ताबा सुटला आणि त्या भरात त्याच्या हातून मृत्यू घडला, तर तो खून ठरत नाही, सदोष मनुष्यवध ठरतो. शिक्षा बदलते, माणसाचं आयुष्य बदलतं. तेव्हा खटल्याचा कळीचा प्रश्न घड्याळाचा होता. दुपारी दीडला घर सोडलं, चार वीसला गोळ्या. मधला वेळ रागाचा होता की विचाराचा? बचाव पक्षाची कहाणी आणखी वेगळी होती. नानावटी स्वतःला गोळी घालायला निघाले होते, त्याआधी आहुजाला एकच विचारायला गेले, की सिल्वियाशी लग्न करून मुलांना सांभाळशील का. त्याचं उत्तर ऐकून वादावादी झाली, झटापट झाली आणि तीत गोळ्या सुटल्या. यावर सरकारी बाजूने बोट ठेवलं ते एका टॉवेलवर. आहुजा नुकताच अंघोळ करून आला होता, कमरेला फक्त टॉवेल होता. खरोखर झटापट झाली असती तर तो टॉवेल जागेवर राहिला असता का? मृतदेह सापडला तेव्हा तो कमरेलाच होता.

एक टॉवेल आणि दहा मिनिटं कमी तीन तास. मोठमोठ्या रहस्यकथांना एवढं काटेकोर सूत्र सापडत नाही.

खटला नऊ जणांच्या ज्युरीपुढे चालला. बचावाला कार्ल खंडालावाला होते. आहुजाच्या बहिणीच्या वतीने एक तरुण वकील खटल्यावर नजर ठेवून होता, त्याचं नाव राम जेठमलानी. 'ब्लिट्झ' साप्ताहिकाचे संपादक रुसी करंजिया उघडपणे नानावटींच्या बाजूने उभे राहिले. बघता बघता शहर दोन बाजूंत वाटलं गेलं. २१ ऑक्टोबर १९५९ रोजी ज्युरीने आठ विरुद्ध एक मतांनी नानावटी निर्दोष असल्याचं सांगितलं. न्यायाधीश रतिलाल मेहता यांना हा कौल कोणाही समंजस माणसाला न पटणारा वाटला. त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवलं. तिथे सरकारच्या बाजूने उभे राहिले ते पुण्याचे यशवंत विष्णू चंद्रचूड, पुढे भारताचे सरन्यायाधीश झालेले. हे नाव लक्षात ठेवा, पुन्हा येणार आहे. मार्च १९६० मध्ये उच्च न्यायालयाने जन्मठेप दिली, नोव्हेंबर १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. न्यायालयाचं म्हणणं सरळ होतं. बायको-मुलांना सिनेमाला सोडणं, जहाजावर जाणं, कचेरीत चौकशी करणं ही कामं करणाऱ्याला स्वतःला सावरायला पुरेसा वेळ मिळाला होता. १९६४ साली राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी नानावटींना माफी दिली आणि काही वर्षांनी ते कुटुंब कॅनडाला निघून गेलं.

हा भारतातला शेवटचा ज्युरी खटला होता, असं सर्रास सांगितलं जातं. ते खरं नाही, काही ठिकाणी ज्युरी त्यानंतरही बसत होती. पण १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ज्युरीला जागा उरली नाही, हे खरं. आणि अजून एक आश्चर्य म्हणजे पारशी दांपत्यांच्या घटस्फोटाच्या दाव्यांत न्यायाधीशांसोबत समाजातले प्रतिनिधी बसवण्याची तरतूद १९३६ च्या कायद्याने केली. बाकी सगळीकडे नऊ-बारा सामान्य माणसांनी एकत्र बसून कोणाच्या तरी खासगी आयुष्याचा निवाडा करायची जागा एकच राहिली, सिनेमागृह.

मला वाटतं, नानावटी खटल्याने आपल्याकडच्या थरारपटाला त्याचा नकाशा दिला. अमेरिकेत तसंच एका वेगळ्या खटल्याने घडलं होतं. १९२७ साली न्यूयॉर्कमध्ये रूथ स्नायडर आणि तिचा प्रियकर जड ग्रे यांनी तिच्या नवऱ्याला मारलं. नवऱ्याच्या नावावर विमा होता आणि अपघाती मृत्यू आला तर रक्कम दुप्पट मिळणार होती. त्या प्रकरणातून जेम्स केनला कादंबरी सुचली आणि बिली वाइल्डरने १९४४ साली 'डबल इन्डेम्निटी' केला. त्या चित्रपटात प्रेमिकांच्या मागे लागतो तो विमा कंपनीचा दावे तपासणारा माणूस. गुन्हेगार कोण हे पहिल्या काही मिनिटांत गुन्हेगार स्वतःच सांगून टाकतो, तरी उत्कंठा तसूभर कमी होत नाही. अमेरिकेतलं चोरटं प्रेम विम्याच्या कचेरीत उघडं पडलं, आपल्याकडचं कोर्टात.

हिंदी पडद्याने नानावटींची गोष्ट पुन्हा पुन्हा घेतली. १९६३ साली आर. के. नय्यर यांचा 'ये रास्ते हैं प्यार के' आला, सुनील दत्त आणि लीला नायडू यांचा. १९७३ साली गुलजार यांनी 'अचानक' केला, आणि मला या सगळ्यांत तोच सर्वांत धाडसी वाटतो. त्यात एकही गाणं नाही. प्रेमप्रकरण, खून, खटला हे सगळं घडून गेलेलं आहे, विनोद खन्नाचा लष्करी अधिकारी इस्पितळात मरणाशी झुंजतो आहे, आणि डॉक्टर जिवाच्या आकांताने त्याला वाचवत आहेत, तो बरा झाला की फाशी जाणार हे ठाऊक असूनही. 'कोणी केलं' हा प्रश्न काढून टाकल्यावर जे उरतं ते किती भेदक असू शकतं, हे तिथे कळतं. २०१६ च्या 'रुस्तम'ने मात्र नौदलातला भ्रष्टाचार आणून नवऱ्याला देशभक्त ठरवलं. माझ्या मते तिथे गोष्ट हलकी झाली. मूळ घटनेतला पीळ असा होता, की सहानुभूती आणि कायदा दोन दिशांना ओढत होते. नायकाला निष्कलंक केलं की प्रेक्षकाला ठरवायला काही उरत नाही.

मराठीत काय झालं? मधुसूदन कालेलकरांनी या प्रकरणावरून 'अपराध मीच केला' हे नाटक लिहिलं आणि ते गाजलं. पण साठच्या दशकाकडे जरा लांबून पाहिलं तर त्याहून मोठी गोष्ट दिसते. १९६२ साली आचार्य अत्र्यांचं 'तो मी नव्हेच' रंगमंचावर आलं. माधव काझी या भामट्याच्या खऱ्या खटल्यावर ते बेतलं होतं. निपाणीचा तंबाखूचा व्यापारी लखोबा लोखंडे आरोपीच्या पिंजऱ्यात उभा आहे, एकेक फसवलेली बाई साक्षीला येते, आणि फिरता रंगमंच वळून तिच्या संसाराची कहाणी समोर उभी करतो. प्रभाकर पणशीकर नावं, वेश आणि बोली बदलत तोच माणूस रंगवत. १९६४ साली राजा परांजपे यांचा 'पाठलाग' आला, त्यातही कोर्ट. १९६७ साली विजय तेंडुलकरांचं 'शांतता! कोर्ट चालू आहे' आलं, तिथे तर खोट्याखोट्या कोर्टातून खरं गुपित बाहेर पडतं. आठ वर्षांच्या आत चार कोर्टं. चारही ठिकाणी आरोपीच्या पिंजऱ्याजवळ कोणाचं तरी लग्न, कोणाचं तरी प्रेम, कोणाचा तरी विश्वासघात.

कोर्टच का? घरात जे कुजबुजत बोललं जातं ते कोर्टात खणखणीत आवाजात, अनोळखी माणसांसमोर, तारीख-वार-वेळेसकट बोलावं लागतं. थरार याहून वेगळा काय असतो? त्यात नवरा-बायकोंनी एकमेकांशी केलेलं बोलणं कायदाही जपतो. २०२४ पर्यंत लागू असलेल्या १८७२ च्या पुरावा कायद्यातलं कलम १२२ सांगत होतं, की लग्नाच्या काळात जोडीदाराने जे सांगितलं ते उघड करायला कोणालाही भाग पाडता येणार नाही, आणि सांगणाऱ्याची संमती नसेल तर सहसा उघड करूही दिलं जाणार नाही. म्हणजे कायद्याने त्या खोलीला कडी लावली आहे. नाटककार आणि दिग्दर्शक नेमके त्याच दाराशी येऊन थांबतात.

'पाठलाग'ची जादू इथेच आहे. जयंत देवकुळे यांच्या कादंबरीवरून हा चित्रपट झाला. काशिनाथ घाणेकरांचा नायक वकील आहे, बायकोवर जीव ओवाळून टाकणारा. ती वारते, तो तिला स्वतःच्या हाताने अग्नी देतो. पुढे पोलीस एका टोळीतल्या बाईला पकडतात. तिचा चेहरा हुबेहूब त्याच्या बायकोसारखा, आणि ती म्हणते, मी तुमची बायकोच आहे. आता हा नवरा वकिलाचा डगला चढवून तिची उलटतपासणी घेतो. दोघांखेरीज जगात कोणालाही ठाऊक नसलेल्या गोष्टी तो विचारतो, आणि ती एकामागून एक बरोबर सांगत जाते. प्रत्येक बरोबर उत्तराबरोबर त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरतो. ती खोटी असेल तर आपल्या शयनगृहातलं हिला कळलं कसं? ती खरी असेल तर चितेवर कोण होतं? आणि दोन्ही शक्यतांच्या पोटात तिसरी दडलेली, जी उच्चारायची त्याला हिंमत होत नाही: माझ्या बायकोने हे सगळं दुसऱ्या कोणाला सांगितलं होतं का?

इथे प्रेक्षकाची जागा बदलली आहे, हे लक्षात घ्या. नानावटींच्या गोष्टीत आपल्याला नवऱ्यापेक्षा जास्त ठाऊक असतं. 'पाठलाग'मध्ये आपल्याला तेवढंच ठाऊक आहे जेवढं नवऱ्याला, आणि ते पुरत नाही. दोन वर्षांनी राज खोसला यांनी हाच चित्रपट हिंदीत 'मेरा साया' म्हणून केला, साधना आणि सुनील दत्त यांना घेऊन. सुनील दत्त! १९६३ साली जो आरोपीच्या पिंजऱ्यात उभा असलेला फसवला गेलेला नवरा होता, तोच तीन वर्षांनी वकिलाचा डगला घालून बायकोची उलटतपासणी करतो आहे. एकाच नटाला कोर्टाच्या दोन्ही टोकांना उभं करणारं हे दशक होतं.

तालुक्याच्या गावांत हे चित्रपट पुष्कळदा टुरिंग टॉकीजच्या तंबूत पोहोचत. तंबूत प्रोजेक्टर एकच असला की रीळ बदलताना पडदा पांढरा व्हायचा आणि खेळ थांबायचा. रहस्यपटाच्या बाबतीत तो खोळंबा मला मोलाचा वाटतो, कारण तेवढ्या वेळात तंबूची ज्युरी होत असणार. ती बायको खरी की खोटी, यावर शेजारी शेजाऱ्याशी वाद घालायला मोकळा.

तेंडुलकरांनी मात्र ही सगळी रचना उलटी करून आपल्यासमोर धरली, आणि ती अजून बोचते. एक हौशी नाटकमंडळी गावात प्रयोगाला आली आहे. वेळ काढायला ती खोट्या खटल्याचा खेळ मांडते. गंमत म्हणून शिक्षिका लीला बेणारे हिला आरोपी करतात, आरोप भ्रूणहत्येचा. खेळता खेळता कळत जातं, की प्राध्यापक दामले या विवाहित माणसाशी तिचे संबंध होते आणि ती गरोदर आहे. सभ्य माणसं शिकाऱ्यासारखी तिच्यावर तुटून पडतात. आणि दामले? तो नाटकात कुठेच येत नाही. त्याचं नाव साक्षीदारांच्या यादीत आहे, माणूस नाही. विश्वासघात ज्याने केला तो गैरहजर आणि शिक्षा होते ती बाईला. सुलभा देशपांडे यांनी बेणारे उभी केली, १९७१ साली सत्यदेव दुबे यांनी त्याचा चित्रपट केला, छायालेखन गोविंद निहलानी यांचं. याला कोणी थरारपट म्हणत नाही. मला मात्र हा आपल्या भाषेतला सर्वांत भयंकर थरारपट वाटतो, कारण त्यात गुपित उघडं पडावं असं आपल्याला मनापासून वाटत राहतं आणि ते पडल्यावर आपण कोणाच्या बाजूला बसलो होतो हे ध्यानात येतं.

या प्रकारच्या पुष्कळ चित्रपटांवर माझा हाच आक्षेप आहे. गुप्त प्रेमात दोघं असतात, पण कॅमेरा एकीलाच मोहिनी किंवा पापिणी ठरवतो. 'अचानक'मध्येही नवरा मित्राबरोबर बायकोलाही मारतो आणि गोष्ट त्याच्याच मनातून सांगितली जाते. सिल्विया नानावटी साक्षीदार म्हणून उभी राहिली, तिची पत्रं कोर्टात वाचली गेली, तरी तिच्या नजरेतून ही कथा सांगणारा मोठा चित्रपट मला कुठे दिसत नाही.

मग एकविसाव्या शतकात एका पुणेकराने कोर्टच काढून टाकलं. श्रीराम राघवन पुण्यात वाढले, पुण्याच्याच फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकले, आणि २०१८ चा 'अंधाधुन' त्यांनी पुण्यातच घडवला. मूळ बीज एका छोट्या फ्रेंच लघुपटाचं, ओलिव्हिए त्रेनर यांच्या २०१० मधल्या. त्यात पियानो जुळवून देणारा एक माणूस आंधळा असल्याचं सोंग करतो. राघवन यांनी ते बीज घेतलं आणि त्यातून पूर्ण लांबीची गोष्ट उगवली.

आकाश हा पियानोवादक आंधळा नाही, आंधळा असल्याचं भासवतो. लग्नाच्या वाढदिवसाला बायकोला आश्चर्याचा धक्का द्यावा म्हणून एक जुना नट त्याला घरी वाजवायला बोलावतो. आकाश पोहोचतो, दार नटाची बायको सिमी उघडते. आकाश पियानोवर बसतो आणि त्याला दिसतं, की जमिनीवर त्या नटाचं प्रेत पडलं आहे. न्हाणीघरात सिमीचा प्रियकर पिस्तूल घेऊन उभा आहे. आणि आकाशला हे 'दिसत' नाही, दिसता कामा नये. तो वाजवत राहतो. त्याच्या सुरांच्या आडून ती दोघं चकार शब्द न काढता खाणाखुणा करत प्रेत हलवतात, रक्त पुसतात. कितीतरी वेळ पडद्यावर संवाद नाही, फक्त पियानो. आयुष्मान खुराना आकाशच्या भूमिकेसाठी खरोखर पियानो शिकला आणि सिमी झालेल्या तब्बूच्या चेहऱ्यावर तर एका क्षणात चार भाव येऊन जातात.

या प्रसंगात माहिती कशी वाटली गेली आहे ते मोजून पाहा. प्रेमिकांना वाटतं, आपल्याखेरीज कोणाला ठाऊक नाही. आकाशला सगळं ठाऊक आहे, पण ठाऊक आहे हे कळू द्यायचं नाही. आपल्याला आकाशचंही गुपित ठाऊक आहे आणि त्यांचंही. एका खोलीत दोन गुपितं समोरासमोर बसली आहेत आणि दोन्हींचा साक्षीदार फक्त प्रेक्षक. नंतर आकाश धीर करून पोलीस ठाण्यात जातो, तर तिथे अधिकारी म्हणून समोर येतो तोच न्हाणीघरातला माणूस! आता सांगायचं कोणाला? साठच्या दशकातल्या गोष्टींत निदान एक जागा अशी होती जिथे शपथ घेऊन खरं बोलता यायचं. 'अंधाधुन'मध्ये ती नाहीच. म्हणून तो चित्रपट हसवत हसवत घाबरवतो. त्याला सर्वोत्कृष्ट हिंदी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तो चीनमध्येही मोठ्या संख्येने पाहिला गेला आणि तेलुगू, मल्याळम, तमिळमध्ये पुन्हा झाला. गुपिताला भाषा आडवी येत नाही.

आणि आता ते नाव. 'अंधाधुन' ५ ऑक्टोबर २०१८ रोजी प्रदर्शित झाला. त्याच्या आठच दिवस आधी, २७ सप्टेंबरला, सर्वोच्च न्यायालयाने व्यभिचाराला गुन्हा ठरवणारं कलम ४९७ रद्द केलं. त्या कलमाची रीत अशी होती, की विवाहित स्त्रीशी तिच्या नवऱ्याच्या संमतीवाचून संबंध ठेवणारा पुरुष गुन्हेगार. स्त्री गुन्हेगार नव्हती, कारण कायद्याच्या लेखी तिच्या इच्छेला मोलच नव्हतं. १९८५ साली यशवंत चंद्रचूड सरन्यायाधीश असताना त्यांच्याच पीठाने हे कलम वैध ठरवलं होतं. २०१८ साली ते रद्द करणाऱ्या पाच न्यायाधीशांत होते धनंजय चंद्रचूड, यशवंत चंद्रचूड यांचे चिरंजीव. नानावटींविरुद्ध सरकारची बाजू मांडणारे वडील आणि चोरट्या प्रेमाला तुरुंगाच्या दारातून बाहेर काढणारा मुलगा, यांच्यामध्ये साठ वर्षंसुद्धा झालेली नाहीत.

व्यभिचार आता घटस्फोटाचं कारण होऊ शकतो, गुन्हा नाही. मग या थरारपटांचं पुढे काय होणार? मला वाटतं, ते अधिक अवघड होतील आणि म्हणून अधिक चांगले. कायद्याच्या आड लपून बाईला पापीण ठरवायची सोय गेली आहे. पटकथाकाराला आता माणसाने माणसाचा विश्वास मोडला म्हणजे नेमकं काय मोडलं, हेच दाखवावं लागेल. सिल्वियाच्या बाजूने सांगितलेली गोष्ट किंवा प्राध्यापक दामलेला अखेर कोर्टात आणून उभी केलेली गोष्ट अजून कोणीतरी लिहायची आहे. ती मराठीत लिहिली जावी असं मला फार वाटतं. चार कोर्टांचा वारसा आपल्या भाषेकडे आहेच.

तोवर 'पाठलाग' पाहा, शक्य असेल तर 'मेरा साया'च्या आधी. शेवट ठाऊक नसलेल्या कोणाला तरी सोबत घ्या, आणि उलटतपासणीच्या प्रसंगात चित्रपट थांबवून त्याला विचारा, ती बायको आहे की नाही. दोन्ही चित्रपटांचा शेवट मी मुद्दाम इथे लिहिलेला नाही, 'अंधाधुन'चाही नाही. तुम्हीही कोणाला सांगू नका.